नाशिकमध्ये बचत गट कसा उभा करावा: पहिल्या बैठकीपासून बँकेच्या कर्जापर्यंत

नाशिक जिल्ह्यात कागदावर बचत गटांची कमतरता नाही. पण गावात जाऊन विचारा, ‘गेल्या महिन्यात तुमच्या गटातून कोणाला किती कर्ज दिलं?’ अनेक ठिकाणी उत्तर येतं, ‘अजून बँकेचं मंजूर व्हायचंय.’ म्हणजे बायका दरमहा शंभर-दोनशे भरतायत, ते पैसे बँकेत पडून आहेत आणि त्याच बायका पावसाळ्याच्या तोंडावर सावकाराकडून महिन्याला शेकडा दहाने पैसे उचलतायत.

हा लेख नवा गट काढणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांचा गट असा पडून आहे त्यांच्यासाठीही. माझं मत आधीच सांगून टाकते. बचतीचा आकडा गटातल्या सगळ्यात कमी कमावणाऱ्या बाईने ठरवायचा, आणि पहिलं कर्ज जिची नड सगळ्यात मोठी तिला द्यायचं. या दोन गोष्टी सोडल्या तरी गट चालतो. फक्त गल्लीत ज्यांचं आधीच बरं चाललंय त्यांचंच आणखी बरं होतं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

कोणाला घ्यायचं

गट 10 ते 20 जणींचा असतो. मला विचाराल तर दहा-बारा पुरे. त्याहून जास्त झाल्या की बैठकीत दोन तट पडतात आणि वही लिहायला तास जातो. डोंगरी आदिवासी पाड्यांवर किंवा दिव्यांग बायकांच्या गटाला पाच जणीही चालतात. एका घरातली एकच बाई घ्या. सासू, सून आणि जाऊ तिघी एकाच गटात आल्या की ठराव त्यांच्या स्वयंपाकघरात होतात.

वस्ती एकच हवी. सातपूरच्या झोपडपट्टीतली आणि इंदिरानगरच्या सोसायटीतली बाई मैत्रिणी असू शकतात, पण एकीला दोनशे रुपये म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी आणि दुसरीला किरकोळ खर्च. असा मिश्र गट पहिल्या वर्षी छान चालतो. दुसऱ्या वर्षी बचत वाढवायचा विषय निघतो आणि चार जणी गुपचूप यायच्या बंद होतात.

कोण सुटतंय ते मुद्दाम बघा. पेठ आणि सुरगाण्याच्या बायका द्राक्षाच्या कामाला टोळीने दिंडोरी-निफाडकडे येतात आणि कित्येक आठवडे गावाबाहेर असतात. गट काढताना त्यांना कोणी विचारत नाही, कारण ‘त्या इथं असतातच कुठं?’ तीच गत विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांची, कारण त्यांच्या मागे बोलणारं कोणी नसतं. यादी पुरी झाली की वस्तीतल्या कुठल्या घराचं नाव त्यात नाही ते मोठ्याने वाचा. कारण ‘ती पैसे बुडवेल’ असं असेल तर विचारा, आजवर तिने कोणाचे बुडवलेत. बहुतेक वेळा कोणाचेच नाही. तिला कोणी दिलेलेच नसतात.

बचतीचा आकडा

बैठकीत ‘किती ठेवायची?’ असं विचारू नका. ज्यांचा आवाज मोठा त्या ‘पाचशे’ म्हणतात आणि बाकीच्या लाजेने माना डोलावतात. त्याऐवजी एका मोठ्या कागदावर बारा महिने लिहा आणि प्रत्येकीला विचारा, हातात रोख पैसा कधी येतो आणि कधी आटतो.

द्राक्षपट्ट्यात चित्र साधारण असं निघतं. ऑक्टोबरला गोडीबार छाटणी सुरू झाली की हाताला काम लागतं. पुढे डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी, मग तोडणी, आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिथून पावसाळाभर रोजगार पातळ होतो. पेठ-सुरगाण्यात जुलैत भाताची आवणी असते, म्हणजे काम खच्चून पण स्वतःच्या वावरात, रोख पैसा शून्य. अंबडच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बाईचा पगार दहा तारखेला येईल म्हणतात आणि पंधरालाही येतो. धुणीभांडी करणाऱ्यांची मे महिन्यात अडचण होते, कारण मालकीण गावाला गेली की पगार कापला जातो.

या कागदावरून आकडा आपोआप दिसतो. समजा बारा जणींचा गट आहे. ऑक्टोबर ते मे दरमहा 100 रुपये, जून ते ऑगस्ट 50, आणि सप्टेंबरला पुन्हा 100. वर्षाला एकीचे 1,050, गटाचे 12,600. रक्कम छोटी वाटेल, पण ती न चुकता येते, आणि गटाची पत त्यावरच उभी राहते.

बचत सगळ्यांची सारखी ठेवा. जिला जास्त ठेवायची हौस आहे तिची ऐच्छिक बचत वेगळ्या पानावर लिहा, पण तिच्यामुळे तिला कर्जात पहिला नंबर मिळणार नाही हे आधीच ठरवा. ‘जिची बचत जास्त तिला कर्ज जास्त’ हा नियम ऐकायला न्यायाचा वाटतो. गटात विषमता शिरते ती याच दारातून.

नियम कागदावर

गटाला कुठल्याही कायद्याखाली नोंदणी लागत नाही. एजंट ‘रजिस्ट्रेशन करून देतो’ म्हणत पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. लागतात ते गटाचे स्वतःचे नियम, इतिवृत्ताच्या पहिल्या पानावर लिहिलेले, खाली सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे.

नाव, बैठकीचा वार आणि वेळ, बचत, उशिराचा आणि गैरहजेरीचा दंड, व्याजदर, एका वेळच्या कर्जाची कमाल मर्यादा, पदाधिकारी किती दिवसांनी बदलायचे, आणि गट सोडणारीला काय मिळणार, एवढं पुरे. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाच्या पद्धतीत बैठक आठवड्याला असते, शहरात महिन्याला घेणारे गट जास्त दिसतात. पंधरवड्याला जमत असेल तर उत्तम. वार ठरवताना बाजाराचा दिवस टाळा. नाशिकला बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो. त्या दिवशी भाजी विकणारी बाई बैठकीला कशी येणार?

अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष निवडताना शिकलेलीच हवी असा हट्ट नको. सचिवाला लिहिता यावं लागतं, अध्यक्षाला लोकांना ऐकून घेता यावं लागतं. गावच्या पुढाऱ्याच्या घरातली बाई अध्यक्ष करू नका. करायचीच असेल तर वर्षभरासाठी, आणि त्यानंतर दुसरी. पदं फिरली नाहीत की गटाचं नाव मागे पडतं आणि ‘वहिनींचा गट’ म्हणून ओळख होते. मग वहिनी पक्ष बदलतील तिकडे गट जातो.

बँकेत खातं

लागतं ते असं: गट स्थापनेचा आणि खातं उघडण्याचा ठराव, पदाधिकाऱ्यांचे फोटो, आधार, पॅन, आणि गटाचा शिक्का. खातं गटाच्या नावाने, व्यवहार तिघींपैकी दोघींच्या सहीने.

काउंटरवर हमखास सांगतात, ‘सगळ्या बारा जणींना आणा, सगळ्यांची केवायसी (ओळखीची पडताळणी) लागेल.’ रिझर्व्ह बँकेचा नियम वेगळा आहे. बचत खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते. बाकी सदस्यांची पडताळणी कर्जाच्या वेळी होते. हे नम्रपणे सांगा. ऐकलं नाही तर लेखी कारण मागा. मजुरी बुडवून बारा बायका दोनदा शाखेत नेणं म्हणजे गटाचा पहिलाच खर्च काही हजारांचा.

पतसंस्था ओळखीची असते, घरी येऊन पैसे नेते, गोड बोलते. तरी गटाचा पैसा बँकेतच ठेवा. बँकेतली ठेव 5 लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. पतसंस्थेच्या ठेवीला ते कवच नाही. आणि एक ताजी सवय मोडायला हवी: बचत सचिवाच्या वैयक्तिक फोनपे किंवा जीपेवर घेणं. ती प्रामाणिक असली तरी तिच्या खात्यातून तिच्या गाडीचा हप्ता कटतो आणि गटाचे पैसे त्यात जातात.

कर्ज दुसऱ्या बैठकीपासूनच

‘आधी पुरेसे पैसे जमू द्या, मग वाटू’ असं म्हणणारी एक तरी बाई असतेच. तिचं ऐकू नका. दुसऱ्या महिन्यात पेटीत 2,400 रुपये आहेत. हजार-हजाराची दोन कर्जं द्या. रक्कम छोटी असताना बुडाली तर नुकसान छोटं, आणि परतफेडीची सवय लागते ती याच हजार रुपयांवर. शिवाय रिकाम्या पेटीकडे चोर फिरकत नाहीत आणि पुढारीही विचारत नाहीत.

व्याज महिन्याला शेकडा दोन हा बऱ्याच गटांचा दर. हे व्याज गटाच्याच निधीत पडतं, म्हणून बाहेरच्या दोन टक्क्यांसारखं ते टोचत नाही. पण ते घटत्या शिल्लकीवर लावा. 3,000 रुपये सहा महिन्यांसाठी, दरमहा 500 मुद्दल. पहिल्या महिन्याचं व्याज 60, मग 50, 40, 30, 20, 10, एकूण 210. हेच व्याज सरसकट मूळ रकमेवर लावलं तर 360 होतात. आणि शेकडा दहावाल्या सावकाराकडे दरमहा 300 नुसतं व्याज, सहा महिन्यांत 1,800 देऊन झाले तरी तीन हजार मुद्दल जसंच्या तसं उभं. हे तीन आकडे पहिल्या बैठकीत फळ्यावर मांडा. गट कशासाठी, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मागणी जास्त आणि पैसे कमी, हे नेहमीचंच. क्रम आधी ठरलेला असेल तर भांडण टळतं. माझा क्रम असा: दवाखाना, मग सावकाराचं चढं कर्ज फेडणं, मग शाळा आणि बियाणं, मग धंदा, आणि शेवटी लग्नकार्य आणि घरदुरुस्ती. काही कार्यकर्ते सांगतात की गटाचं कर्ज फक्त उत्पन्न वाढवणाऱ्या कामाला द्यावं. हातावर पोट असलेल्या घरात बाळंतपणाचा खर्च सावकाराकडून निघाला तर पुढचं वर्षभराचं उत्पन्न त्याच्याच घशात जातं. मग शिलाई मशीन घेऊन काय उपयोग?

द्राक्षपट्ट्यातल्या गटांनी एका गोष्टीकडे खास लक्ष द्यावं, ती म्हणजे उचल. ऑगस्ट-सप्टेंबरला घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम येतो, पाच-दहा हजार हातावर ठेवतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीला ती बाई त्याच्याच टोळीत, त्याच्याच भावाने बांधली जाते. एकराचा भाव बागायतदार आणि मुकादम ठरवतात. तिला विचारतो कोण? गटाने त्या दोन महिन्यांत तिला दोन-तीन हजारांचं कर्ज दिलं, परतफेड नोव्हेंबरपासून लावली, तर ती उचल न घेता ऑक्टोबरला मोकळी उभी राहते. पाच-सहा जणी अशा मोकळ्या झाल्या की त्याच मिळून उक्तं काम घेऊ शकतात: छाटणी एकराने, भाव आपला, पैसे आपल्यात सारखे. म्हणून या गटांनी जूनपासून पेटीत थोडी रक्कम हट्टाने मागे ठेवावी आणि सप्टेंबरची कर्जं आधीच नावानिशी ठरवून टाकावीत. अनुदानाच्या योजनांमागे वर्षभर धावण्यापेक्षा या एका कामाने मजुरी जास्त वाढते, असं मला वाटतं.

वही: सगळ्यांसमोर, त्याच बसकणीत

लिहिणारी मुलगी घरी नेऊन ‘नंतर पक्कं करते’ म्हणते, तिथं घोळ सुरू होतो. बैठक संपण्याआधी वही पूर्ण झाली पाहिजे, बेरीज मोठ्याने वाचली पाहिजे आणि पेटीतले पैसे सगळ्यांसमोर मोजून त्या बेरजेशी जुळले पाहिजेत. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे.

मे महिन्यातल्या आठव्या बैठकीची रोखवही अशी दिसेल:

जमा
मागील हातातील शिल्लक – 340
बचत, 12 जणी – 1,200
कर्ज परतफेड, मुद्दल – 1,500
व्याज – 130
दंड, दोघी उशिरा – 20
एकूण – 3,190

खर्च
नवीन कर्ज, बियाणं व दप्तर-वह्या – 2,500
रजिस्टर, पेन – 60
एकूण – 2,560

हातातील शिल्लक – 630

इथवर बहुतेक गट येतात. पण त्यापुढची जुळणी फार थोडे करतात, आणि अफरातफर असेल तर ती तिथंच सापडते. ऑक्टोबरपासून जमलेली बचत 9,600, आजवरचं व्याज 590, दंड 70, त्यातून आजवरचा खर्च 230 वजा. म्हणजे गटाचा निधी 10,030. आता हा पैसा आहे कुठे? बायकांकडे येणं कर्ज 7,500, पेटीत 630, बँकेच्या पासबुकात 1,900. बेरीज 10,030. जुळलं. दर महिन्याला ही चार ओळींची जुळणी इतिवृत्ताच्या खाली लिहा. एक रुपयाही कमी-जास्त आला तर बैठक उठवायची नाही.

प्रत्येकीचं वैयक्तिक पासबुक असतं, त्यात बचत आणि कर्ज त्याच वेळी लिहून सही घ्यायची. जिला वाचता येत नाही तिला आपला आकडा पाठ असतोच. तिला तो मोठ्याने म्हणायला लावा आणि वहीशी ताडून बघा. वाचता न येणाऱ्या बायका हिशोबात फार पक्क्या असतात. अडतात त्या कागदावर.

सहा महिन्यांनी आणखी एक पान लिहा: प्रत्येकीचं नाव आणि तिला आजवर एकूण किती कर्ज मिळालं. समजा तिघींनी मिळून निम्मी रक्कम उचलली आहे आणि दोघींच्या नावापुढे शून्य आहे. शून्यवालीला विचारा, गरज नव्हती की मागायची हिंमत झाली नाही. दुसरं उत्तर आलं तर पुढच्या बैठकीत पहिलं कर्ज तिचं.

थकबाकी आली तर

पहिला हप्ता चुकला त्याच आठवड्यात दोघी तिच्या घरी जा. तीन महिने थांबून मग बैठकीत बोल लावणं हे दोन्हीकडून वाईट. कारण खरं असेल तर हप्ता अर्धा करा, मुदत वाढवा आणि ठराव लिहा. व्याज माफ करायचं की नाही हे गटाने ठरवावं. मुद्दल माफ करू नये. नवऱ्याने पैसे हिसकावून घेतले असं असेल तर पुढच्या कर्जात रोख देऊ नका. दवाखान्याचं बिल किंवा बियाण्याचं दुकान थेट भागवा.

वर्षाला 20 रुपयांचा अपघात विमा आणि 436 रुपयांचा जीवन विमा, म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, या दोन योजना बँकेत खातं असलेल्या प्रत्येकीने घ्याव्यात. दोन्हींत 2 लाखांचं संरक्षण आहे. जीवन विम्यात शिरायला वय 50च्या आत हवं. गटातली बाई गेली आणि तिचं कर्ज राहिलं, तर वसुलीला तिच्या पोरांच्या दारात जायची वेळ कोणावर येऊ नये.

उमेद, माविम आणि बँकेचं कर्ज

ग्रामीण भागात गट ‘उमेद’शी जोडून घ्या. हे राज्याचं जीवनोन्नती अभियान 2011पासून चालू आहे. गावात गटांना मदत करणारी प्रेरिका किंवा सीआरपी असते. नसेल तर पंचायत समितीत तालुका कक्ष विचारा. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, 1975पासूनचं. त्यांची लोकसंचलित साधन केंद्रं गटांना हिशोबाचं प्रशिक्षण आणि बँक जोडणी करून देतात. शहरात महापालिकेच्या राजीव गांधी भवनात जाऊन शहरी उपजीविकेचं काम बघणारा कक्ष शोधा. दोन फेऱ्या होतील, तयारी ठेवा.

बँकेच्या कर्जासाठी गट किमान सहा महिने नीट चाललेला हवा. बघतात ती पंचसूत्री: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब. अंतर्गत कर्ज नसेल तर प्रकरण तिथंच अडकतं, म्हणजे दुसऱ्या बैठकीतले ते हजार रुपये इथं कामाला येतात. आधी शासनाचा फिरता निधी मिळतो, मग बँकेचं कर्ज.

बँकेच्या कर्जाचे काही नियम पाठच करून जा. पहिल्या वेळी गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जास्त ते. दुसऱ्या वेळी आठपट किंवा किमान 3 लाख. तिसऱ्या वेळी किमान 6 लाख, गटाच्या आराखड्यानुसार. 10 लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, गटाच्या बचत खात्यावर बोजा चढवता येत नाही आणि ‘आधी मुदत ठेव करा’ असंही सांगता येत नाही. अभियानाशी जोडलेल्या ग्रामीण महिला गटाला 3 लाखांपर्यंतचं कर्ज वर्षाला 7 टक्क्यांनी मिळायला हवं. शाखेत वेगळा दर सांगितला तर मंजुरीपत्र मागून त्यातला आकडा बघा. शाखेत गटांना मदत करणारी बँक सखी असेल तर तिला सोबत न्या. काउंटरवरचा सूर बदलतो.

आणि मग सगळ्यात जास्त होणारी चूक. दीड लाख आले, बारा जणी, प्रत्येकीला साडेबारा हजार. झाली वाटणी, कोणी रुसलं नाही. पण जिला म्हशीसाठी चाळीस हजार हवे होते तिची म्हैस आली नाही, आणि जिला काहीच नको होतं तिचे पैसे नवऱ्याच्या मोटारसायकलीत गेले किंवा तिने ते शेजारणीला पाच टक्क्यांनी फिरवले. सारखी वाटणी म्हणजे समानता नव्हे. या पैशात तर नाहीच. अर्ज करण्याआधीच सूक्ष्म आराखडा करा: कोणाला, कशासाठी, किती, परतफेड कोणत्या पैशातून. शाखा अधिकाऱ्यालाही तोच कागद बघायचा असतो.

बँकेकडून 7 टक्क्यांनी घेतलेलं सदस्याला महिन्याला दोन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला चोवीसने देणारे गट आहेत. फरक निधीत जातो हे मान्य, पण तो कर्ज घेणारीच्या, म्हणजे बहुधा गरीब बाईच्या खिशातून जातो. महिन्याला एक टक्का पुष्कळ झाला.

दारात फायनान्सवाले आले तर

गट काढलात की मायक्रोफायनान्स कंपन्यांचे लोकही येतात. पंधरा मिनिटांत चाळीस हजार, कागद नाही, फक्त पाच बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची. घेऊ नका असं म्हणणं सोपं आहे. नड असली की माणूस घेतो. पण रिझर्व्ह बँकेचे 2022चे नियम माहीत असू द्या. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त रक्कम सगळ्या हप्त्यांत मिळून जाता कामा नये. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीला सकाळी 9च्या आधी आणि संध्याकाळी 6नंतर दारात येता येत नाही, आणि धमकी, शिवीगाळ तर कधीच नाही. गटाच्या कर्ज अर्जात एक रकाना ठेवा: बाहेरचे हप्ते किती चालू आहेत. लाजेने लपवतात, म्हणून हा रकाना पहिल्या दिवसापासून सगळ्यांना लागू करा, अध्यक्षापासून. विनापरवाना सावकाराची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

धंदा करायचा का

करा, पण सगळ्यांनी मिळून पापड नको. बारा गटांचे बारा पापड एकाच प्रदर्शनात, आणि गिऱ्हाईक चव बघून पुढे. सुरगाणा-पेठची नागली, वरई, निफाडचा बेदाणा, येवल्याचं विणकाम, जे आपल्याकडे खरंच पिकतं आणि बनतं त्यातून काही निघतं का बघा. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी आधी. 2027च्या सिंहस्थात स्टॉल मिळेल या आशेवर आत्तापासून कर्ज काढू नका. मेळा संपतो, हप्ते राहतात.

त्याआधी सोपं काम करून बघा: एकत्र खरेदी. दिवाळीच्या आधी तेल, रवा, मैदा, साखर बारा घरांसाठी एकदम घाऊक दुकानातून. नफा दिसतो, तोटा होत नाही, आणि दोघी-तिघींना बिल, माप आणि भाव यांची सवय लागते. धंदा कोणाला जमेल हे तिथंच कळतं.

कोणी गट सोडला, किंवा गट मोडला

सोडणारीला तिची पूर्ण बचत परत द्या, तिच्याकडचं कर्ज वजा करून. व्याजातला वाटा द्यायचा की नाही हे पहिल्या पानावर लिहिलेलं असेल तसं. माझ्या मते वर्ष पूर्ण केलेलीला द्यावा. लग्न होऊन किंवा कामासाठी बाहेरगावी जाणारी आणि भांडून जाणारी यांत फरक करू नका. तो करायला गेलात की भांडण वाढतं.

गटच बंद करायचा झाला तर आधी बँकेचं कर्ज, मग ग्रामसंघाकडून (गावातल्या गटांच्या संघाकडून) घेतलेला निधी, मग सदस्यांचं येणं वसूल करून बचत परत. शासनाकडून आलेला फिरता निधी वाटून घेण्याआधी तालुका कक्षात विचारा. उरलेलं व्याज बचतीच्या महिन्यांच्या प्रमाणात, म्हणजे जिने चार वर्षं भरली तिला दोन वर्षंवालीच्या दुप्पट. खातं बंद करण्याचा ठराव करा, शेवटची जुळणी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि रजिस्टरं जाळू नका. दोन वर्षांनी कोणीतरी ‘माझे तीनशे राहिले होते’ म्हणून येतंच.